अर्धा कप एरंडेल

एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ते तोंड मी नोकरीभर पाहिलं. चंद्रपूरच्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत मी तेलं तपासायची, आणि ज्याच्या तेलात भेसळ निघायची तो व्यापारी टेबलापलीकडून माझ्याकडे तसं तोंड करून बघायचा. फरक इतकाच की एरंडेल प्यायलेल्या माणसाला काही तासांनी बरं वाटतं.

जवस, तीळ, करंज, मोहाची टोळी म्हणजे मोहाचं बी, सगळ्यांची तेलं आमच्याकडे यायची. पण माझा जीव एरंडेलावर. लोक मला हसायचे. ज्या झाडाला कुणी पाणी घालत नाही, जे न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतं आणि ज्याचं नाव घेतलं की गुऱ्हाळच आठवतं, ते आवडायचं तरी कसं? तर त्याला कारण माझी आई.

मी राजुऱ्याची. बाबा कोळशाच्या खाणीत होते. पाळी संपवून आले की पाटावर पालथे पडायचे आणि आई वाटीभर एरंडेल निखाऱ्यावर कोमट करून त्यांची पाठ चोळायची. पाठीवरची काजळी तेलात उतरायची आणि आईचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. आमचं पोट दुखलं तर तेच तेल बेंबीभोवती. बुद्धपौर्णिमेच्या पणत्यांतही तेच, कारण ते सावकाश जळतं. झाड आमच्या मोरीमागे होतं. शेजारच्या आळीतल्या लोकांना ते होळीच्या आदल्या दिवशी आठवायचं, कारण होळीत मधोमध एरंडाची फांदी उभी करतात. आई फांदी द्यायची, पण दारापर्यंत मागे जाऊन बजावायची, "बोंडं इथीच तोडून ठेवा. बिया पोट्ट्यांच्या तोंडात जाऊ देऊ नका, जहर हाय त्यात." एकाच झाडाचं तेल औषध आणि बी विष, हे कसं, असा प्रश्न मला तेव्हा पडला. पुढे रसायनशास्त्र घेतलं ते बहुधा त्याचसाठी. आई असती तर म्हणाली असती, "येवढं शिकून शेवटी तेलच."

तर आधी त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

कुठलंही खायचं तेल म्हणजे निरनिराळ्या स्निग्ध आम्लांची मिसळ. एरंडेलात मात्र जवळजवळ सगळा कारभार एकाच आम्लाच्या हाती आहे. त्याचं नाव रिसिनोलेइक आम्ल, शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग तेच. या आम्लाच्या लांब साखळीला मध्येच एक जास्तीचा हात फुटलेला आहे, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा. त्या हाताने रेणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून एरंडेल मधासारखं दाट. म्हणून ते बैलगाडीच्या आखाला चालतं आणि भेगाळलेल्या टाचेलाही. पोटात गेलं की आतड्यात हे आम्ल सुटं होतं आणि आतड्याला कामाला लावतं. बाकी विष म्हणाल तर ते वेगळंच, रिसिन नावाचं प्रथिन. ते बियांच्या गरात असतं, तेलात विरघळत नाही आणि नीट उकळलं की निकामी होतं. तेल गाळून निघून जातं, विष चोथ्यात मागे राहतं. आईच्या काळात हे कुणी पुस्तकात वाचलं नव्हतं, पण बिया भाजून, कुटून, पाण्यात तासन्तास उकळून वर आलेलं तेल काढायचं हीच रीत होती.

त्या जास्तीच्या हातामुळे आमची तपासणीही सोपी. दुसरी तेलं अल्कोहोलमध्ये मिसळत नाहीत, खाली बसतात. एरंडेल बिनबोभाट मिसळून जातं. नळीत तेल घ्यायचं, अल्कोहोल ओतायचं, हलवायचं. पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तर माल चोख. ढगाळ झालं की समोरचा माणूस खुर्चीत चुळबुळ करायला लागायचा. पुढच्या सगळ्या मोजण्या कागदाच्या समाधानासाठी. निकाल त्या नळीतच लागलेला असायचा.

आता गंमत अशी, की जिल्ह्यात दारूबंदी होती त्या वर्षांतही आमच्या कपाटात अल्कोहोल असायचं, रीतसर परवान्यानं. एकदा एक हवालदार परवाना बघायला आला. कागद बघून झाला तरी निघेना. बाटलीकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे पेता येते का?"

"येते की," मी म्हटलं. "पण यात काय काय कालवलेलं असतं. पिल्यावर दिसत नाही, येवढंच."

"म्हणजे डोरे जातेत?"

"दोन्ही."

त्यानं सलाम ठोकला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हा दिवाळी अंक पुरायचा नाही. गडचांदूरहून एक टक्कल पडू लागलेला तरुण यायचा. त्याचं लग्न ठरत होतं. कुणी तरी त्याला सांगितलं होतं की शुद्ध एरंडेलानं केस येतात, म्हणून दर महिन्याला नवी बाटली तपासायला आणायचा. "तेल शुद्ध हाय, मग केस काऊन नाई येऊन राह्यले?" असा त्याचा माझ्यावर आरोप. मी सांगायची, "बाबा, आहेत ते केस मऊ राहतील, कोंडा कमी होईल. नसलेल्यांची हमी मी कशी देऊ?" शेवटी त्याचं लग्न टकलासकट झालं. जोडप्यानं पेढे आणले. बायको मला हळूच म्हणाली, "मले तसंच आवडते."

एका सासूबाईंची आठवण मात्र गोड नाही. सुनेचे दिवस भरत आले होते. बाईंना बाळ ठरावीक मुहूर्तावर हवं होतं आणि त्यासाठी सुनेला एरंडेल पाजायचं होतं. किती पाजू, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. त्या दिवशी माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असं आमचे साहेब म्हणाले. पोटुशीला एरंडेल नाही, तान्ह्याच्या पोटात नाही, आणि कुणालाच रोज नाही, हे मी त्यानंतर दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. गुणी वस्तूचा गुण कुठे संपतो हेही सांगावं लागतं. जाहिराती ते सांगत नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांनी ओरडायचं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट रैनूबाईची.

कुरखेड्यापलीकडे जंगलातल्या एका गोंड गावात बायकांचा बचतगट होता. घरोघरच्या एरंडीचं तेल काढून ते विकत. तपासणीला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर रैनूबाई होत्या, गावची सुईण. सत्तरीच्या असाव्यात. बारीक अंग आणि त्या अंगाला न शोभणारे मोठे, रुंद पंजे. खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या, पण नळी बघायला सगळ्यांच्या पुढे. मी अल्कोहोल ओतलं, हलवलं, आणि तेल दिसेनासं झालं.

"दारूत गेलं का?" त्यांनी विचारलं.

"गेलं. म्हणजे चोख आहे."

"आमचा बुढाबी चोख होता," त्या म्हणाल्या. "असाच गेला."

बायका हसल्या, त्याही हसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसले. तिथून आमची ओळख. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण बाळ घरी आलं की ते रैनूबाईंच्या पायांवरच जायचं. महिनाभर बाळ आणि बाळंतीण दोघांना त्यांच्या घरच्या हंडीत उकळलेल्या एरंडेलानं मालिश. गावात चालतंबोलतं असं एकही माणूस नव्हतं ज्याच्या पाठीवरून तो पंजा फिरला नव्हता, म्हाताऱ्यांचा अपवाद सोडला तर.

मध्ये बचतगटाला तेलाचं मशीन मिळालं. उकळायची कटकट गेली, वरून बी टाका, इकडून तेल, तिकडून ढेप. आमच्या भागात तेल काढून उरलेल्या चोथ्याला ढेप म्हणतात. त्याच मशीनवर जवसही निघायचा. आणि जवसाची ढेप तर शेळ्या-गाईंना पिढ्यान्‌पिढ्या घालत आलेले हे लोक. एरंडीची ढेप तशीच दिसायची, तशाच चकत्या. पूर्वी एरंडीचा चोथा उकळून काळा चिखल व्हायचा, तो कुणी जनावराला घालायचा प्रश्नच नव्हता. ही मात्र छान कोरडी, खमंग. गावातल्या सनकू भाऊंनी ती आपल्या शेळ्यांना घातली. दुसऱ्या दिवशी शेळ्या झुलायला लागल्या, मग आडव्या झाल्या. एक बोकड तेवढा वाचला, कारण तो बांधलेला नव्हता आणि भटकायला गेला होता.

गाव म्हणालं, एरंडीत जहर. आणि जहर जर एरंडीत, तर ते तेल लेकरांच्या टाळूवर घालणारी बाई कोण? बाईला चेटकीण ठरवणारा असा प्रश्न जंगलातल्या गावात कुठवर जाऊ शकतो हे मी लिहीत बसत नाही. इकडच्या माणसाला ते कळतं.

हे सगळं मला रैनूबाईंनीच सांगितलं. एकट्या एसटीनं चंद्रपूरला आल्या होत्या. पदराची गाठ सोडून ढेपेचा तुकडा टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्यात जहर हाय का?"

"ढेपेत आहे. तेलात नाही." मी त्यांना समजावलं, जसं वर तुम्हाला समजावलं तसंच, फक्त रिसिनोलेइक न म्हणता. त्या मान हलवत ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मले पटलं. पण मले पटून का फायदा? सनकूच्या घरी नात झाली. दवाखान्यातून आणून आठ दिस झाले, अजून तिच्या आंगाले कोनं हात नाई लावला. सनकू म्हनते, ह्या बाईले दारात येऊ देनार नाई. ह्याच सनकूच्या पोराले म्या पायावर घेतलं होतं."

मी म्हटलं, लेखी देते, शिक्का मारून देते.

"कागद कोन वाचते तिथी?" त्या म्हणाल्या. मग स्वतःचे पंजे टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत बोलल्या. "हे हात रिकामे राह्यले त मी कायची रैनू, मॅडम? तुमी चला."

साहेब म्हणाले, आपलं काम तपासणीचं, गावच्या पंचायतीचं नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी रजा टाकली.

गावात पोचले तेव्हा थंडीची सकाळ होती. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत, शेकोटी पेटलेली आणि भोवती माणसं. सनकू भाऊ पुढेच बसले होते, घोंगडी पांघरून. साठीचे, भुवया पांढऱ्या, माणूस रागीट नव्हता. दुखावलेला होता. शेळ्या पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या होत्या त्यांनी. हे कळलं आणि घोकून आणलेलं भाषण मी गिळून टाकलं.

दोन पेले मागवले. एकात पाणी, एकात तेल. दोन्हींत मीठ टाकून ढवळलं.

"सनकू भाऊ, तेलातलं मीठ विरघळलं का?"

"नाई. खाली बसलं."

"एरंडीचं जहर असंच आहे. त्याला पाणी लागतं, तेलात ते जात नाही. ढेपेत बसून राहतं. आणि अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होतं का?"

"कसं होईन?"

"तसंच. उकळलं की ते जहर मरतं. रैनूबाई तेल उकळून काढतात. मशीनची ढेप कच्ची होती. ती धानाच्या बांधीत टाका, खत म्हणून एक नंबर. पण जनावराच्या तोंडी नको."

माणसं माना डोलवत होती. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात सनकू भाऊ सावकाश म्हणाले, "बाई, तुमी शिकेल हा. तुमची गोष्ट चांगली हाय. पन माह्या बकऱ्यायनबी काई कागद नव्हता वाचला. त्या खाल्ल्या आन मेल्या. तुमी पिऊन दाखवा."

रैनूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या.

आता खरं सांगायचं तर मला विषाची तिळमात्र भीती नव्हती. भीती वेगळी होती. मी औषधाची मात्रा चमच्यात मोजणारी बाई, आणि मला दुपारची एसटी पकडायची होती. पण दोन चमचे पिऊन कुणाची खात्री पटणार? मी म्हटलं, "रैनूबाईंच्या घरची बाटली आणा. तुम्हीच आणा, मी हात लावत नाही." सनकू भाऊ स्वतः गेले, बाटली आणली, चहाच्या कपात स्वतः ओतली. अर्धा कप.

ते तेल तोंडात जात नाही हो, वस्तीला येतं. गिळलं तरी मागे राहतं. मी नाक न धरता, तोंड वाकडं न करता प्यायले. नोकरीतलं सर्वांत अवघड काम तेच. आयुष्यभर ज्या तोंडाला हसले, ते तोंड मला त्या दिवशी करायचं नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"आता पाहू," सनकू भाऊ म्हणाले. आणि सगळं गाव शेकोटीभोवती मला बघत बसलं.

पुढच्या दोन-तीन तासांचं वर्णन दिवाळीच्या अंकात करणं बरं नव्हे. एवढंच सांगते की एसटी गेली आणि मी गेले नाही. पोटात पहिला गुरगुराट झाला तेव्हा मी बोलता बोलता थांबले. रैनूबाईंनी ओळखलं, डबा भरून हातात दिला आणि मागची वाट दाखवली. मी चालत निघाले, मग भरभर चालले, आणि मग, माझ्या पदाची आणि वयाची लाज सोडून, पळाले. मागून गोटुलातून कुणी तरी ओरडलं, "बाई कुठी पळून राह्यली?" आणि सनकू भाऊंचा आवाज आला, मोठ्यांदा, "अरे, जहर असतं त पडली असती! हे त औषध लागलं!" मग जे हसू फुटलं ते शेवटच्या घरापर्यंत गेलं असणार. बायका हसत होत्या, पोरं हसत होती, माझं मलाही हसू येत होतं, पण त्या घडीला हसणंही धोक्याचं होतं.

दुपार कलली तेव्हा मी रैनूबाईंच्या ओसरीवर चटईत पडले होते, चिंधीसारखी. पोटात कळा येत होत्या. त्यांनी साखर-मीठ घातलेलं पाणी पाजलं, ते थांबून थांबून प्यायला लावलं. मग काही न विचारता निखाऱ्यावर वाटी ठेवली. तेल कोमट झालं तसं पंज्यावर घेतलं आणि माझ्या पोटावर, बेंबीभोवती, गोल फिरवायला लागल्या.

त्या हाताखाली माझं काय झालं ते मी कुणालाच सांगितलं नाही, आज सांगते. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिच्यानंतर माझ्या पोटावर मायेनं कुणी हात ठेवला नव्हता. लग्न झालं, मुलं झाली, आजारपणं झाली, डॉक्टरांची बोटं लागली, पण असा हात नाही. मालिशनं दुखणं कमी होतं त्यात तेलाचा वाटा किती, उबेचा किती आणि हाताचा किती, हे मोजायचं उपकरण आमच्या प्रयोगशाळेत नव्हतं. मी रडले. रैनूबाईंना वाटलं कळ आली. "थांब बाई, थांब," म्हणाल्या. मॅडमची बाई झाले होते मी.

आता ती प्रयोगशाळा बंद झाली आहे. साहेब गेले, जागेत मोबाइलचं दुकान आहे. तपासणी मोठ्या शहरातल्या यंत्रांवर होते, ती अचूक असते, माझी तक्रार नाही. राजुऱ्यात आमच्या मोरीमागे सिमेंटची भिंत आली. माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीत एरंड मी एकदा लावून पाहिला. तीन पानांवर तो रुसला. मोकळं सांडपाणी आणि कुणाचं लक्ष नसणं, हेच त्याचं खत असावं. नळी हलवायची आणि तेल नाहीसं होताना बघायचं, त्या क्षणासाठी अजून हात शिवशिवतात.

पण तेलाची बाटली उघडली की मला प्रयोगशाळा आठवत नाही. ती ओसरी आठवते.

मी डोळे मिटून पडले होते. अंगणात पावलं वाजली आणि थांबली. डोळे उघडले तर सनकू भाऊ. घोंगडी अंगावर नव्हती, हातांत होती, आणि घोंगडीत काही तरी हलत होतं. त्यांच्यामागे पदर ओढून त्यांची सून, ओली बाळंतीण, भिंतीला धरून उभी. सनकू भाऊ आधी माझ्याकडे बघत राहिले, मी जिवंत आहे ना हे बघत असावेत. मग माझ्या पोटावरच्या त्या हातांकडे बघत राहिले. वाकले आणि गुंडाळी रैनूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

रैनूबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाय लांब पसरले. निखाऱ्यावर दोन्ही पंजे धरून शेकले. पोरीनं तोंड वाकडं करून भोकाड पसरायची तयारी केली होती. तिला घोंगडीतून काढता काढता त्यांनी मला कोपरानं हलकेच ढोसलं.

"सरका आता, मॅडम," त्या म्हणाल्या. "हिचा नंबर हाय."